दुसरी नोकरी व प्राप्तिकर

एका पगारात घरखर्चाची तोंडमिळवणी होईनाशी झाली, म्हणजे शहरातील मध्यम स्थितीच्या कुटुंबापुढे दोनच मार्ग उरतात. एक खर्चास आवर घालण्याचा व दुसरा मिळकत वाढविण्याचा. पहिल्या मार्गास लवकरच मर्यादा पडते; घरभाडे, मुलांचे शिक्षण आणि वडीलधाऱ्यांचे औषधपाणी यांना कात्री लावता येत नाही. मग घरातील कर्ते माणूस सायंकाळचे किंवा सुटीच्या दिवसाचे आणखी एखादे काम पत्करते. या दुसऱ्या पगाराचा पहिला रुपया हाती पडण्यापूर्वीच तो कोठे खर्चावयाचा हे बहुधा ठरून गेलेले असते. त्या आखणीत एक वाटेकरी मात्र विसरला जातो, तो म्हणजे प्राप्तिकर.

या बाबतीत दोन समजुती सर्वत्र रूढ आहेत. कोणी म्हणतो, दुसऱ्या नोकरीवर सरकार अधिक जबर दराने कर घेते, सबब ती करण्यात अर्थ नाही. दुसरा म्हणतो, दोन्ही मालक आपापल्या परीने कर कापूनच पगार देतात, तेव्हा आपण निर्धास्त असावे. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पहिलीमुळे माणूस चांगले काम हातचे घालवितो. दुसरीमुळे त्याच्या डोक्यावर नकळत देणे साचत जाते. दोहोंतून सुटण्यास कायद्याचे एकच तत्त्व नीट समजून घेणे पुरेसे आहे.

हिंदुस्थानात प्राप्तिकर प्रथम 1860 साली जेम्स विल्सन यांनी आणला. पुढे 1922 चा कायदा झाला, त्याची जागा 1961 च्या कायद्याने घेतली आणि 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा अमलात आला. कलमांचे क्रमांक बदलले, दर तर अनेकदा बदलले. परंतु कर हा एका व्यक्तीच्या एका वर्षातील एकूण उत्पन्नावर असतो, हे तत्त्व कायम राहिले. तिने ते उत्पन्न एका ठिकाणाहून मिळविले की चार ठिकाणांहून, हे कायदा विचारीत नाही. दुसऱ्या नोकरीस निराळा दर नाही, तशी निराळी माफीही नाही. दोन ओढे एकाच तळ्यात येतात आणि मोजमाप तळ्याच्या पाण्याचे होते.

हे मोजमाप कसे होते, ते 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026 या वर्षाच्या दरांवरून पाहता येईल. त्या वर्षी नव्या करपद्धतीत पहिल्या 4,00,000 रुपयांवर कर नव्हता. त्यापुढील 4,00,000 वर शेकडा 5, त्यानंतरच्या 4,00,000 वर शेकडा 10, आणि 12,00,000 ते 16,00,000 या टप्प्यावर शेकडा 15 असा दर होता. पुढेही दर चार लाखांस शेकडा पाचाने वाढत जाऊन 24,00,000 च्या वर तो 30 होत असे. पगारदारास पगारातून 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट मिळे. शिवाय करपात्र उत्पन्न 12,00,000 च्या आत असेल तर विशेष सवलतीने पगारावरील सगळाच कर माफ होई. ही शेवटची सवलत ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढील घोटाळ्याचे मूळ बव्हंशी तिच्यातच आहे.

उदाहरणादाखल असे समजू की, पुण्यातील एक बाई दिवसा एका कारखान्याच्या हिशेबखात्यात महिना 75,000 रुपयांवर नोकरीस आहेत. घराच्या कर्जाचे हप्ते जड झाल्यामुळे त्यांनी एप्रिल 2025 पासून सायंकाळी एका लहान कंपनीत हिशेब लिहिण्याची महिना 40,000 रुपयांची दुसरी नोकरी धरली. पहिला मालक वर्षाचे 9,00,000 रुपये धरतो, त्यातून 75,000 वजा करतो व 8,25,000 वर हिशेब मांडतो. ही रक्कम 12,00,000 च्या आत असल्यामुळे कर शून्य. दुसरा मालक 4,80,000 मधून 75,000 वजा करतो. उरलेल्या 4,05,000 वरही कर शून्य. दोन्ही मालकांनी आपले काम चोख केले, आणि वर्षभरात एक रुपयाही कापला गेला नाही.

आता बाईंचा खरा हिशेब पाहावा. दोन्ही पगारांची बेरीज 13,80,000. प्रमाणित वजावट माणसास एकदाच मिळते, नोकरीगणिक मिळत नाही. म्हणून 75,000 एकदाच वजा जाऊन करपात्र उत्पन्न 13,05,000 होते. दुसऱ्या टप्प्याचे 20,000, तिसऱ्याचे 40,000 आणि 12,00,000 च्या वरील 1,05,000 वर शेकडा 15 प्रमाणे 15,750, मिळून कर 75,750 होतो. त्यावर शेकडा 4 उपकराचे 3,030 मिळविले म्हणजे एकूण देणे 78,780 रुपये. दोन शून्यांची बेरीज शून्यच व्हावी हा अंकगणिताचा नियम. परंतु येथे ती पाऊणलाखाच्या वर जाते.

यात मालकांचा दोष नाही. 1961 च्या कायद्याच्या 192 व्या कलमाने मालकावर जे कर्तव्य टाकले होते ते इतकेच की, आपण या नोकरास वर्षभरात जो पगार देणार त्याचा अंदाज करावा, त्यावरील कर काढावा आणि तो महिन्यामहिन्याने कापून सरकारात भरावा. नोकर सायंकाळी कोठे जातो हे त्यास ठाऊक नसते. पहिल्या मालकास दुसरा दिसत नाही, दुसऱ्यास पहिला दिसत नाही; दोघांच्या पगाराची बेरीज ज्याच्या डोळ्यांपुढे आहे असा माणूस एकच, तो म्हणजे पगार घेणारा. म्हणूनच बेरजेची जबाबदारीही त्याचीच ठरते.

हे सर्व देशांत असेच चालते असे नाही. इंग्लंडात 1944 सालापासून पगारातून कर कापण्याची जी व्यवस्था आहे तीत करखाते प्रत्येक मालकास त्या नोकराकरिता एक संकेत कळविते. करमाफीची रक्कम सामान्यतः पहिल्या नोकरीत धरली जाते व दुसऱ्या मालकास बहुधा असा संकेत जातो की, याच्या पगारातून पहिल्या पौंडापासूनच शेकडा 20 कर कापावा. तिकडे शिकण्यास किंवा नोकरीस गेलेल्या मराठी मुलांस दुसऱ्या कामाचा पहिला पगार पाहून धक्का बसतो तो यामुळे. त्यांचा धक्का पहिल्याच महिन्यात बसतो. आपल्याकडील माणसास तो वर्ष उलटल्यावर बसतो, आणि तोपर्यंत पैसा खर्च झालेला असतो.

उदाहरणातील बाईंनी जर काहीच केले नाही, तर जुलै 2026 मध्ये विवरणपत्र भरावयास बसताना हे देणे एकदम पुढे उभे राहील. शिवाय केवळ 78,780 देऊन सुटका नाही. कापलेला कर वजा जाता ज्याचे देणे 10,000 रुपये किंवा त्याहून अधिक होते, त्याने तो कर वर्ष चालू असतानाच आगाऊ भरावयाचा असतो: 15 जूनपर्यंत शेकडा 15, 15 सप्टेंबरपर्यंत शेकडा 45, 15 डिसेंबरपर्यंत शेकडा 75 आणि 15 मार्चपर्यंत सर्व. हे हप्ते चुकले तर त्यांचे निराळे व्याज आणि वर्ष संपल्यावर थकलेल्या रकमेवर दरमहा शेकडा 1 प्रमाणे आणखी व्याज लागते. बाईंनी सर्व रक्कम जुलैअखेर भरली असे धरले तरी दोन्ही व्याजे मिळून सात हजारांच्या थोडी वर जातात. विवरणपत्रास उशीर झाला तर 5,000 रुपयांचे विलंबशुल्क वेगळे.

ही आपत्ती टाळण्याचे दोन सरळ उपाय आहेत. पहिला उपाय असा की, दोहोंपैकी एका मालकास दुसऱ्या पगाराची माहिती लेखी द्यावी. 192 व्या कलमात यासाठी तरतूद होती व 1962 च्या नियमांत त्याकरिता 12 बी हा नमुना ठरविलेला होता. अशी माहिती मिळाली म्हणजे तो मालक दोन्ही पगारांची बेरीज धरून कर कापतो. बाईंच्या बाबतीत वर्षाच्या आरंभीच हे केले असते तर महिन्यास 6,565 रुपये कापले जाऊन मार्चअखेर देणे फिटले असते. उशिरा जाग आली तरी हरकत नाही. राहिलेल्या महिन्यांत कपात वाढवून मालकास तूट भरून काढता येते. डिसेंबरच्या पगारापासून आरंभ झाला तर मात्र चार महिन्यांत दरमहा 19,695 रुपये जातील, आणि ते जड वाटतील. वर्षाच्या मध्यावर एक नोकरी सोडून दुसरी धरणाऱ्यानेही नव्या मालकास जुन्या पगाराचा व कापलेल्या कराचा आकडा द्यावा. तसे न केल्यास नवा मालक जणू वर्ष आपल्यापासूनच सुरू झाले असे धरून पुन्हा पहिल्या पायरीवरून मोजू लागतो.

ही माहिती देणे कर्मचाऱ्याच्या इच्छेवर सोपविलेले होते. कायद्याने त्याची सक्ती केलेली नव्हती. दुसरे काम करीत असल्याचे पहिल्या मालकास कळू नये असे कित्येकांस वाटते आणि त्यामागे कारणेही असतात. अनेक नोकऱ्यांच्या करारात दुसरे काम करण्यास मनाई असते. केंद्र सरकारच्या नोकरांस तर 1964 च्या वर्तणूक नियमांप्रमाणे दुसरी नोकरी पत्करण्यापूर्वी मंजुरी घ्यावी लागते. हा प्रश्न नोकरीच्या शर्तींचा आहे व तो ज्याने त्याने आधीच सोडविला पाहिजे. कराचे देणे त्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून नाही. परवानगी असो वा नसो, मिळकत झाली की कर लागू होतो. मालकास सांगावयाचे नसेल तर दुसरा उपाय उरतो, तो म्हणजे वर सांगितलेल्या चार तारखांस स्वतःच आगाऊ कर भरणे. न सांगणे आणि न भरणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालत नाहीत. 2021 सालापासून प्राप्तिकर खाते प्रत्येकाच्या पॅन क्रमांकावर वर्षभरातील व्यवहारांचे जे माहितीपत्रक तयार करते, त्यात निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या रकमा एकत्र मांडलेल्या असतात. दोन मालकांस जे दिसत नाही, ते तेथे एका पानावर दिसू शकते.

आता दुसऱ्या कामाचे स्वरूप पाहणे अगत्याचे आहे. सायंकाळच्या कामाचा मोबदला पुष्कळदा पगार या नावाने मिळत नाही. तो व्यावसायिक शुल्क म्हणून मिळतो. 2025-26 मध्ये अशा शुल्काची रक्कम एका कंपनीकडून वर्षात 50,000 रुपयांच्या वर गेली तर ती कंपनी शेकडा 10 कर कापून घेई. बाईंना तेच 4,80,000 रुपये शुल्क म्हणून मिळाले असते तर 48,000 रुपये आधीच कापले गेले असते. पण येथेही एक फसगत संभवते. शेकडा 10 कापले म्हणजे कर चुकता झाला असे नव्हे. ती केवळ उचल होय. त्यांस त्या कामापायी काही खर्च आला नसेल, तर एकूण देणे 78,780 च राहून 30,780 रुपये भरावयाचे उरतील.

उलटपक्षी, स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यास त्या कामापायी झालेला खरा खर्च वजा करण्याचा हक्क असतो. हिशेबनिसी, वैद्यकी, वकिली अशा ठराविक व्यवसायांत, मर्यादेच्या आतील जमेपैकी निम्मी रक्कम उत्पन्न धरून हिशेब मिटविण्याची सोयही 1961 च्या कायद्यात होती. पगारदारास यातले काही मिळत नाही. हे ऐकून, मालकास सांगून पगारास शुल्क म्हणवून घ्यावे, अशी युक्ती कोणास सुचेल. ती टिकत नाही. कामाच्या वेळा कोण ठरवितो, काम कसे करावे हे कोण सांगतो, रजा कोणाकडून घ्यावी लागते, एकाच ठिकाणी बांधून घेतले आहे की आणखी ग्राहक आहेत, अशा गोष्टी पाहून नोकरी कोणती व स्वतंत्र व्यवसाय कोणता हे ठरते. कागदावर नाव कोणते घातले, यावर ते अवलंबून नसते. ज्याचे काम खरोखरच स्वतंत्र आहे त्याने सोयीचा लाभ अवश्य घ्यावा. मात्र जुनी व नवी करपद्धत दरवर्षी मनास येईल तशी बदलण्याची जी मोकळीक केवळ पगारदारास आहे, ती व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्यास नाही, हेही त्याने जाणून असावे.

जुनी करपद्धत निवडणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. विमा, भविष्यनिर्वाह निधी वगैरेंतील गुंतवणुकीवर त्या पद्धतीत 1,50,000 रुपयांपर्यंत जी वजावट मिळते, तिचे पुरावे दोन्ही मालकांकडे दिले तर दोघेही ती धरतात, आणि वर्षअखेर एक वजावट परत फेडावी लागते. याच्या उलट चूक व्यवसायकराच्या बाबतीत होते. राज्यघटनेच्या 276 व्या कलमाप्रमाणे राज्यास एका व्यक्तीकडून वर्षाला 2,500 रुपयांहून अधिक व्यवसायकर घेता येत नाही. महाराष्ट्रात दोन्ही मालक तो कापू लागले तर माणूस दुप्पट भरतो. यासाठी एका ठिकाणी तो कापला जात असल्याचे दुसऱ्या मालकास लेखी कळवावे.

राहिली पहिली समजूत, की कर गेल्यावर दुसऱ्या नोकरीत काही उरत नाही. उदाहरणातील बाईंचे दुसऱ्या नोकरीचे उत्पन्न 4,80,000 आणि त्यामुळे वाढलेला कर 78,780. म्हणजे रुपयामागे साधारण साडेसोळा पैसे गेले आणि 4,01,220 रुपये घरात आले. टप्पा वाढला म्हणून सगळ्या उत्पन्नावर वरचा दर बसतो असे नाही. तो केवळ त्या टप्प्यातील रकमेवर बसतो.

तथापि एक अरुंद जागा अशी आहे की तेथे ही भीती काही अंशी खरी ठरते. 2025-26 मध्ये करपात्र उत्पन्न 12,00,000 च्या किंचित वर गेले की संपूर्ण माफी संपे. एकाएकी 60,000 रुपये भरण्याची पाळी येऊ नये म्हणून कायद्याने असे ठरविले होते की, मूळ कर 12,00,000 च्या वरील रकमेहून अधिक असू नये. याचा अर्थ, त्या रेषेपुढील सुमारे 70,000 रुपयांपर्यंत वरचा प्रत्येक रुपया करातच जाई. एखाद्याचे पहिल्या नोकरीचे करपात्र उत्पन्न 11,40,000 असून दुसऱ्या नोकरीने त्यात 1,00,000 ची भर पडली, तर 12,40,000 वर मूळ कर 40,000 व उपकर 1,600 मिळून 41,600 रुपये द्यावे लागत, आणि लाखाच्या श्रमातून हाती 58,400 राहत. रेषेच्या जवळ असणाऱ्याने नवे काम पत्करण्यापूर्वी ही बेरीज अवश्य करावी. रेषेच्या बरेच खाली किंवा बरेच वर असणाऱ्यास तिची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

दर हे त्या त्या वर्षीच्या अर्थविधेयकाने ठरतात. येथील आकडे 2025-26 चे असल्यामुळे दुसऱ्या वर्षासाठी ते त्या वर्षाच्या दरांशी ताडून पाहिले पाहिजेत. हिशेबाची रीत मात्र तीच राहते. दुसऱ्या नोकरीचे पत्र हाती येताच एका कागदावर दोन्ही वार्षिक पगार एकाखाली एक लिहावे, बेरीज करावी, वजावट एकदाच घ्यावी आणि कर काढावा. त्यातून दोन्ही मालक मिळून जो कर कापणार तो वजा करून उरलेल्या रकमेस बाराने भागावे. येणारा आकडा दुसऱ्या पगारातून दरमहा बाजूस काढावयाचा. बाईंच्या घरी तो 6,565 होता. म्हणजे त्यांचा दुसरा पगार पहिल्या दिवसापासूनच 40,000 नसून 33,435 होता. कर्जाचा हप्ता, मुलांची फी किंवा आईचे औषध यांची आखणी या दुसऱ्या आकड्यावर केली असती, तर जुलै महिना इतर महिन्यांसारखाच गेला असता.

सायंकाळची विश्रांती आणि मुलांच्या सहवासाची घटका खर्ची घालून मिळविलेला हा पैसा असतो. त्यावर व्याज आणि विलंबशुल्क भरण्याची वेळ यावी, यासारखे दुःख नाही. आणि ते टाळण्यास लागते ती एका कागदावरची बेरीज.